बरकत, दोन, तीन

सेठ आमच्या फाट्यावर आला तेव्हा तिथे अब्बांच्या शिलाईच्या टपरीशिवाय काहीच नव्हतं. टेम्पोतून पत्रे, तेलाचे डबे आणि बियाण्याच्या पिशव्या उतरवल्या आणि सरळ आमच्या दारात येऊन उभा राहिला. कुठला, कुणाचा, विचारलं की हसायचा. अब्बांनी टपरी थोडी सरकवून त्याला फाट्याच्या तोंडावरची जागा दिली. मी लहान होते, तरी मला ते हसणं आवडलं नव्हतं.

बघता बघता त्याच्या दुकानाभोवती फाटा वसला. माप घालताना सेठ कधी 'एक' म्हणायचा नाही. पहिल्या मापाला शुभ बोलायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. समोर हिंदू शेतकरी असला की 'लाभ, दोन, तीन', आणि आम्ही ज्वारी घ्यायला गेलो की 'बरकत, दोन, तीन'. अब्बा याच्यावर फिदा. मला मात्र वाटायचं, माणूस बघून शब्द बदलणारा आणखी काय काय बदलत असेल! कधीतरी तो 'बरकत'नंतर थेट 'तीन' म्हणून आमची पायली मारेल, म्हणून मी मापावर डोळे लावून बसायचे. तो कधीच सापडला नाही. त्याचा मला आणखीच राग यायचा.

"शक की बीमारी है तेरे को, और कुछ नहीं," अब्बा म्हणायचे.

पुढे सेठ सरपंच झाला, जिल्हा परिषदेवर गेला, मग आमदार झाला. त्याचे पांढरे कपडे अब्बाच शिवायचे. खिसे जरा मोठे ठेवा म्हणायचा, आणि मी काजं करता करता अब्बांकडे बघायचे. अब्बा नजर चुकवायचे. पण प्रचाराच्या वेळी एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना थांबवून, "अपना आदमी है," असं सांगणारेही अब्बाच होते.

मग रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. एका बाजूची दुकानं जाणार होती. कुठली बाजू, ते कुणी सांगेना. अब्बांचे डोळे अधू झाले होते, मशीनवर पाय मात्र अजून चालत होता, आणि त्या टपरीबाहेर त्यांना दुसरं जग नव्हतं. माझी झोप उडाली. अब्बांना न सांगता मी सेठच्या बंगल्यावर गेले.

"मास्तरच्या दुकानाला हात लावू देईन का मी?" सेठ म्हणाला. "मंग इथं बसलोय कशाला? तू बिलकुल काळजी करू नको, बाई. बोलून राह्यलोय मी वर."

चहा पाजला, दारापर्यंत सोडायलाही आला. एवढा कधी यायचा नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब लोक आले. मागे लाल रंगाचा डबा घेतलेला माणूस. सेठ स्वतःच्या दुकानापुढे गाडीतून उतरला, आपल्या पायरीवर उभं राहून त्याने हात जोडले, मग खाली उतरून चालत आमच्याकडे आला. आमच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि सवयीने म्हणाला, "बरकत." मागच्या माणसाने तिथे लाल फुली मारली. सेठ पुढे सरकला. "दोन. तीन."

अब्बा गळ्यात टेप घालून दारात उभे होते. शब्द कानावर पडला तसं त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. आमच्याच बाजूला, आमच्याही आधी असलेल्या सेठच्या दुकानावर फुली नव्हती. मला ओरडायचं होतं. अब्बांनी माझा हात घट्ट धरला.

जाताना सेठ म्हणाला, "मास्तर, पुढं जागा बघून देतो ना तुम्हाला."

अब्बांनी गळ्यातली टेप काढली आणि गुंडाळत आत गेले.

आता मशीन घरातच खिडकीपाशी आहे. रस्ता रुंद झालाय, आणि त्याच्या तोंडावर सेठचं दुकान दुमजली झालंय. परवा शेजारीण ब्लाउजपीसांचा गठ्ठा घेऊन आली. तिच्यासमोर मोजून घ्यावेत म्हणून अब्बांनी गठ्ठा सोडला. पहिला कपडा उचलला आणि तसेच थांबले. मी सुईत दोरा ओवत होते, माझाही हात थांबला.

"एक," अब्बा म्हणाले.