मडमेसाठी शिकलेला शब्द
आज हातातली पाटली काढली, तर ती झिजून पत्र्यासारखी झालेली दिसली आणि जुन्नरची एक दुपार आठवली. कचेरीतल्या गोऱ्या साहेबाची मडम दुसऱ्या दिवशी घरी यायची होती, म्हणून यजमान मला इंग्रजी शिकवत होते. लुगडं नेसणं म्हणजे वेअर. पाटल्या घालणं? वेअर. पागोटं बांधणं? तेही वेअर! शेजारी कांदे निवडणाऱ्या सासूबाई ओरडल्या, “लई दळिद्री भाषा हाय रं ही!” मी वैतागून म्हणाले, “अहो, विचारून विचारून जीभ झिजली माझी!” तर ते उत्साहाने म्हणाले, “झिजण्यालाही वेअरच म्हणतात.” मी पाटी आपटून उठले आणि मडमेपुढे तोंडच उघडलं नाही. आज पाटलीकडे बघताना वाटतं, तेवढा एक शब्द तरी साहेबाने बायकांना विचारून केला असावा.