चालून दाखवण्याचा रविवार

ललिताबाईंच्या लग्नाची गोष्ट त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना पाठ होती. सत्तेचाळीस साली नागपूरला त्यांना पाहायला पाहुणे आले. चहा झाला, वाचून घेतलं, सुईत दोरा ओवून घेतला. मग पाहुण्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आता जरा चालून दाखव, बाई." पायात काही खोड तर नाही, हे पाहायची ती रीतच होती. इंटरला शिकणारी ललिता जागची हलली नाही. म्हणाली, "मी आत्ता कॉलेजातून चालतच आली. तुम्ही दारातच बसले होते. तवा काहून नाही पाह्यलं?"

होणारे सासरे इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. लग्न तिथेच ठरलं.

ललिता लग्न होऊन बालाघाटला आली. नवरा पुनाराम मॅंगनीजच्या खाणीत मजुरांची हजेरी लिहायचा. तेरा वर्षांचा संसार झाला आणि तो तापाने गेला. मग बाईंनी घरी बसून बी.ए. केलं आणि मुलींच्या शाळेत नोकरी धरली. शाळा हिंदी, वस्ती अर्धी हिंदी, त्यामुळे गाव त्यांना बहनजी म्हणे. घरी त्या आणि एकुलती एक मुलगी, पुष्पलता.

छप्पन साली धर्मांतराला तिघं नागपूरला गेली तेव्हा पुष्पा सात वर्षांची होती. स्टेशनापासून मैदानापर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं. पुनाराम म्हणाला, "ये, खांद्यावर बस." ती बसली नाही. आईचं बोटही धरलं नाही. सगळी वाट तिने आपल्या पायांनी कापली आणि ललिताबाई पूर्ण वेळ तिच्या टाचांवर नजर ठेवून मागे चालत राहिल्या. मुलीच्या पायांकडे बघत चालायची सवय त्यांना तिथूनच लागली.

सत्तर साली लांजीच्या चैतरामांकडून पुष्पाला मागणी आली. मुलगा वसंता जंगल खात्यात कारकून. बाईंनी आधीच निरोप धाडला, "माझी मुलगी चालून दाखवणार नाही." चैतराम म्हणाले, "नको दाखवू, आमाले काय तिची शर्यत लावाची आहे?" तशीच ती पसंत झाली, तशीच नांदायला गेली.

दोन वर्षांनी तिच्या डाव्या डोळ्यापुढे महिनाभर धुकं आलं आणि आपोआप गेलं. मग पाय जड झाले. मग ताठले. टाच जमिनीला टेकेना, गुडघा वाकेना, रात्री पाय आपले आपण उडायचे. लांजीला झाडपाला झाला, मालिश झाली, आणि एक दिवस वसंता तिला बसने बालाघाटला आणून सोडून गेला. "थोडा आराम पडू द्या," म्हणाला. जाताना पुष्पाची पेटी त्याने स्वतः आत नेऊन ठेवली. बाईंनी ती उचलून पाहिली तर जड लागली. तिचं सगळं त्यात होतं.

बाई तिला छोट्या रुळांच्या गाडीने गोंदियाला आणि तिथून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर रोगाचं नाव लिहून दिलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. "आपल्याकडे फार कमी दिसतो," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक बाटली काढली. त्यांच्या मित्राने विलायतेहून आणलेलं नवं औषध होतं. "याने रोग जाणार नाही, बहनजी. पायांचा ताठरपणा कमी होईल. अर्धी गोळी दिवसातून तीनदा. पंधरा दिवसांनी एक एक. त्यापुढे मला विचारल्याशिवाय जायचं नाही."

दहाव्या दिवशी पुष्पा रात्रभर शांत झोपली. सकाळी ती काठी घेऊन अंगणात उतरली आणि तिची उजवी टाच जमिनीला टेकली. बाई पेरूच्या झाडाखाली कपडे वाळत घालत होत्या. ओलं लुगडं त्यांच्या हातून मातीत पडलं.

त्याच दुपारी, शाळेच्या मधल्या सुटीत, त्यांनी लांजीला पोस्टकार्ड टाकलं. 'चि. पुष्पलताला नव्या औषधाने पुष्कळ गुण आहे.' पुष्कळ हा शब्द त्यांनी लिहिला, खोडला नाही.

उत्तर आठवड्याभरात आलं. चैतरामांनी लिहवून घेतलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही येतो. सूनबाई चालती-फिरती असल्यास सोबत आणू. नसल्यास वसंताचा पुढचा विचार करावा लागेल.

तेव्हापासून अंगणात तालीम सुरू झाली. दारापासून पेरूपर्यंत दहा पावलं, काठीशिवाय. बाई एका बाजूने हात पसरून चालायच्या, पण धरायच्या नाहीत.

"मान वर. पायाकडे पाहू नको."

"पायाकडे नाही पाह्यलं तर तो कुठं हाये ते समजत नाही ना, आई."

"आणखी एकदा."

कुंपणापलीकडे शेजारीण रुख्माबाई सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत बसायची. ती म्हणाली, "बहनजी, पोरगीले परेडमधी भरती करून राह्यल्या का?"

पुष्पा हसली. हसताना तोल गेला म्हणून तिने पेरूची फांदी धरली. मग फांदी न सोडताच म्हणाली, "आई, तू तर चालून दाखवलं नव्हतं."

बाईंनी काठी तिच्या हातात दिली आणि आत जाऊन भाजी चिरायला घेतली.

आता पुष्पा एक एक गोळीवर आली होती. पायांची लाकडं झाली होती ती सैल पडत होती, पण सकाळी तिचे डोळे जरा जास्तच जड दिसायचे. शनिवारी तालमीत सातव्या पावलाला तिचा पाय अडकला. फक्त तीन पावलं कमी पडत होती. शनिवारभर बाईंच्या डोक्यात तीन पावलंच होती.

रविवारी सकाळी त्यांनी चहासोबत दोन गोळ्या पुढे केल्या.

"दोन काहून?"

"डॉक्टरांचं पत्र आलं."

पुष्पाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही गोळ्या जिभेवर ठेवून ती चहा प्यायली. बाईंनी तिची वेणी घातली, निळं लुगडं नेसवलं, आणि काठी दाराच्या मागे नेऊन ठेवली.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. जयभीम झालं, पाणी झालं. चैतराम आणि वसंता सतरंजीवर टेकले, सासू शेवंताबाई भिंतीला पाठ लावून बसली. बाईंनी चिवडा केला होता. वसंताने नखाने एक एक दाणा उचलला, खाल्ला मात्र नाही. पुष्पा आतल्या दाराशी पाटावर बसली होती. तिचे डोळे जड झालेले बाईंना दिसले, पण रात्री झोप झाली नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"तब्येत बरी दिसते," चैतराम म्हणाले.

"हौ," पुष्पा म्हणाली. तो एवढासा शब्दही ओढल्यासारखा निघाला.

शेवंताबाईने पदर सावरला. "ईहीणबाई, मनात ठेवू नोका. लग्नाच्या वक्ती तुमी पोरगीले चालू देल्लं नाही. आमी म्हटलं, शिकल्या-सवरल्या आहेत, राहू द्या. आता गावातले लोक विचारतात, तवा काहून नाही चालवली? आधीपासूनच होतं का म्हणतात. मी कोणाकोणाले उत्तर देऊ?"

बाईंना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. सत्तावीस वर्षं लोकांना हसत हसत ऐकवलेली आपलीच गोष्ट या बाईने उलटी करून समोर ठेवली होती. तेव्हा तिचे पाय चांगले होते हो, हे आता कोणाला पटवायचं? 

"पोरी," शेवंताबाई म्हणाली, आवाज वाईट नव्हता, "जराशी इकडं ये बरं माझ्यापाशी."

पुष्पा चौकट धरून उभी राहिली. मग तिने हात सोडला. एक पाऊल आलं, अलगद, टाच टेकवून. दुसरंही आलं.  तिसऱ्या पावलाला गुडघा वाकला आणि वाकतच गेला. त्याला अडवायला पायात काही उरलंच नव्हतं. पिळून ठेवलेलं कापड दोरीवरून घसरावं तशी पुष्पा सतरंजीच्या कडेला खाली आली. आवाजही फारसा झाला नाही.

वसंता अर्धा उठला. चैतरामांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो क्षणभर तसाच अर्धवट राहिला, मग पूर्ण उठला, दारामागे गेला आणि काठी घेऊन आला. त्याला ती तिथे कशी दिसली कोण जाणे. काठी त्याने पुष्पाच्या हाताजवळ जमिनीवर ठेवली आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.

बाईंची हाक ऐकून कुंपणापलीकडून रुख्माबाई धावत आली. दोघींनी मिळून पुष्पाला आतल्या खाटेवर नेलं. दोनची बस होती. निघताना चैतराम म्हणाले, "आराम पडला की कळवा." शेवंताबाईने जाताना डोळ्यांना पदर लावला. वसंता रस्त्याच्या वळणापर्यंत मागे न पाहता गेला.

पुष्पा संध्याकाळी जागी झाली. बाई खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्या पोटऱ्या चोळत होत्या. पोटऱ्या मऊ होत्या, तान्ह्या मुलीच्या असाव्यात तशा.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "पत्र आलं नव्हतं."

"मले माहीत हाये. काल पोस्टमन आलाच नव्हता."

"मग तू गोळ्या घेतल्या काहून?"

 "मलेही जायचं होतं ना, आई."

बाईंनी डॉक्टरांना सगळं खरं लिहिलं. दोन गोळ्यांचंही लिहिलं. उत्तर हिंदीत आलं, चार ओळींचं. पायांत जोर कमी आहे, त्यामुळे बहुतेक त्या ताठरपणाच्या आधारावरच ती उभी राहते. सगळा काढून घेतला तर उभं राहायला काही उरणार नाही. पुन्हा अर्धी गोळी द्या आणि थोडा ताठरपणा राहू द्या.

लांजीहून पत्र आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वसंताच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली, ती रुख्माबाईने बाजारातून आणली आणि चुलीपाशी बसून हळू आवाजात सांगितली. पुष्पाने ऐकली. पेटी उघडली, हिवाळ्याची शाल काढून घरच्या फळीवर ठेवली, पेटी बंद केली. पुढे दोनचार दिवस दोघी एकमेकींशी भाताचं, मिठाचं, शाळेच्या परीक्षेचं बोलल्या.

मग एका सकाळी पुष्पा काठी घेऊन उठली. "विहारात जाऊन येतो."

बुद्धविहार गल्लीच्या टोकाला होता, शंभरेक पावलांवर. बाई चप्पल घालायला वाकल्या.

"तू नको येऊ, आई."

"दारातून पाहते."

"पाहूही नको."

बाई चप्पल सोडून मागे फिरल्या आणि दाराकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. समोर तांदळाचं सूप होतं, ते मांडीवर घेतलं. मागे काठी टेकली, ताठ पाय मातीवर घासत आला, दुसरा पाय पडला. पुन्हा काठी, पुन्हा घासण्याचा आवाज. पेरूपाशी आवाज थांबला. बाईंची बोटं तांदळात थांबली. मान वळली नाही.

बऱ्याच वेळाने फाटकाची कडी वाजली आणि काठीचा आवाज गल्लीतून दूर जाऊ लागला. तो ऐकू येईनासा झाल्यावरही त्या तशाच, भिंतीकडे तोंड करून, बसून राहिल्या.