वहीतलं खोटं पान

माझ्या धाकट्या बहिणीला स्वमग्नता आहे हे आम्हाला कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी दहा. त्याआधी केडगावात तिला कुणी घुमी म्हणायचं, कुणी आगाऊ. कळल्यावर आईनं तिला इतका जीव लावला की माझ्या वाट्याला फारसं काही उरलं नाही. हे मी आज सरळ लिहू शकते. तेव्हा मनातसुद्धा म्हणायची सोय नव्हती, कारण आजारी बहिणीचा हेवा करणारी मुलगी वाईट. आणि बहीण तर आजारीही नव्हती.

ती तेरा वर्षांची असताना पुण्यात तिला शिकवणाऱ्या बाईंनी एक पुस्तक दिलं. लोकांशी कसं वागायचं हे चित्रांतून समजावणारं, पण इंग्रजी. आई सातवी शिकलेली. म्हणून संध्याकाळी मी वाचायचं, मराठीत सांगायचं, मग आई तिला समजावणार. पुस्तक चांगलं होतं, पण आमच्याकडचं नव्हतं. कुणी भेटलं की डोळ्यांत बघून हात मिळवा, असं त्यात होतं. आमच्या शेतातली शेवंतीची फुलं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्या मामांपुढं तिनं तसा हात केला. मामांना वाटलं पोरगी काहीतरी मागतेय. त्यांनी खिशातली लिमलेटची गोळी तिच्या हातावर ठेवली.

मग आईनं स्वतःच वही करायला घेतली. चौफुल्यावरच्या दुकानातून मोबाइलमधले फोटो छापून आणायची, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. "पाहुणे निघताना 'या आता घरी' म्हणतात. लगेच चप्पल घालायची नाही. 'येऊ की' एवढं म्हणायचं." "आपण निघालो की 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. परत यायचं नसलं तरी." "कुणी 'कुठं निघालात?' विचारलं तर सगळं सांगत बसायचं नाही. 'जरा बाहेर' म्हणायचं."

बहीण ती वही पाठ करायची आणि खरोखर सुधारत होती. घरात सगळ्यांना आनंद झाला. मी मात्र जळत होते. हे सगळे नियम मला कुणी लिहून दिले नव्हते. माझ्या पाठीत धपाटा बसला की मला कळायचं, नियम मोडला.

बारावीत असताना दौंडच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायच्या दिवशी आई येणार होती. त्या सकाळी नेमका बहिणीच्या शाळेच्या वाटेवर रस्ता खणून ठेवलेला. दुसऱ्या वाटेनं जायला बहीण तयार होईना, म्हणून आई घरी थांबली. मी कप घेऊन एकटीच परत आले. आईनं तो हातात घेतला, छान आहे म्हणाली, फ्रिजवर ठेवला आणि वही माझ्यापुढं सरकवली. "नेहमीचा रस्ता बंद आसला तर काय करायचं, ते लिव्हून दे जरा. तुजं अक्षर मोत्यावानी हाय."

मी ते पान लिहिलं. मग आई दूध बघायला उठली तेव्हा पुढच्या कोऱ्या पानावर, त्याच पेनानं, तेवढ्याच सुबक अक्षरात लिहिलं: "ताई आईजवळ बसली असेल तेव्हा मध्ये यायचं नाही. आईला हाक मारायची नाही. आपल्या खोलीत थांबायचं."

ते पान लगेच लागू पडलं. मी आईजवळ जाऊन बसले की बहीण दारापर्यंत यायची आणि वळून जायची. आईला वाटलं, पोरगी शहाणी होतेय. आठ-दहा दिवस मी आईला भरपूर मिळवलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. सुख वाटलं.

मग एका संध्याकाळी आई घराबाहेरच्या ओट्यावर माझी वेणी घालत होती. बहीण दाराशी आली, आमच्याकडं बघितलं, गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा गेली. मी दोन्ही वेळा बघितलं आणि गप्प बसले. वेणी झाल्यावर आई दिवा लावायला आत गेली, तर बहीण खोलीच्या मधोमध उजवा हात वर धरून उभी. दूध उतू चाललं म्हणून तिनं पातेलं उघड्या हातानं उतरवलं होतं. चारही बोटांवर फोड आले होते.

हाक का मारली नाहीस, म्हणून आई रडायलाच लागली. बहिणीनं डाव्या हातानं वही आणली, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. आईनं सावकाश वाचलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि वडिलांना, आप्पांना, गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यातून आल्यावर आई मला मागच्या दारी घेऊन गेली. मला वाटलं, आता मारेल. ती म्हणाली, "तुला काय पायजे व्हतं ते मला सांगायचं. तिच्या वहीत कशापायी?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

आईनं दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून काढले. मग म्हणाली, "न्हाई. बहुतेक न्हाई." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पान फाडायला सांगितलं. बहिणीनं फाडू दिलं नाही, पानांचे आकडे चुकतील म्हणाली. "खाली दुरुस्ती लिही," ती मला म्हणाली, "आणि ज्यानं लिहिलं त्यानंच लिहायची." तिनं सांगितलं, मी लिहिलं: "भाजलं, लागलं, रक्त आलं, तर कुणीही बसलेलं असो, हाक मारायची."

ती ओळ वाचून तिनं विचारलं, "बाकीच्या वेळी ताईला बसू द्यायचं ना?"

मी पेनाला टोपण लावलं. तिनंच ठरवलं. "द्यायचं. लिही."

माझं लग्न होईपर्यंत तिनं तो नियम पाळला. मला हवं ते मिळालं, पण तिच्या हातून मिळालं, आणि त्याचाही मला हेवा वाटला. एवढं साधं चांगलं वागणं मला कधी जमलं नव्हतं.

आता मी शिरूरला सासरी असते. बहीण एका केंद्रात त्याच बाईंच्या मदतीला जाते आणि तिच्यासारख्या मुलांसाठी अशाच वह्या तयार करते. पाबळ, कोरेगाव भीमा, कुठून कुठून आईबाप तिच्याकडं येतात. बरोबर आमची आई असते, फोटो चिकटवायला. गेल्या आठवड्यात आईनं दोघींचा फोटो स्टेटसला ठेवला होता. दोघी एकाच वहीवर वाकलेल्या. सासूबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, तुमच्या आईचा त्या पोरीवर किती जीव आहे. मी हो म्हणाले आणि भाजी निवडत राहिले. दुपारी आईचा फोन आला, तेव्हा तीन रिंगा होऊ दिल्या आणि मगच उचलला.