पान एकेचाळीस

बद्रीनाथ गुल्हाने सरांनी बावीस वर्षं एकाच प्रश्नाशी संसार केला. गोदाबाईंशी केला तो उरलेल्या वेळात. असं गोदाबाईच सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

आपल्या बँका, आपले फोन ज्या गणिती कुलपांवर चालतात, ती खरोखर अवघड आहेत हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. कुणाला अजून उघडता आलेली नाहीत, एवढंच. तेवढ्यावर अख्खं जग निवांत झोपतं. झोप उडाली ती कोथरूडच्या या निवृत्त प्राध्यापकाची. एखादंच कुलूप अवघड असलं, तरी त्यावरून अशी कुलपं बनवता येतात की डोळे मिटून कुठलंही उचला, ते अवघडच निघेल, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. गेल्या दिवाळीत एकदाचं झालं. त्रेसष्ट पानं.

रविवारी जुन्या कॉलेजात व्याख्यान ठरलं. शुक्रवारी मिसबा घरी आली. ही सरांची विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक. सरांच्या वर्गात एक रीत होती: फळ्यावरची चूक ज्याला सापडेल त्याच्या हाती खडू द्यायचा आणि सरांनी त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. पहिल्याच वर्षी मिसबाला तो खडू तीनदा मिळाला होता.

"सर, पान एकेचाळीस," ती चहाला हात न लावता म्हणाली. "इथे तुम्ही अवघड कुलपं आधीच वेचून घेतलीत. डोळे मिटून उचललं, तर बहुतेक सोपीच हाती येतील."

सरांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. बावीस वर्षं पाण्यात गेली होती.

"आणखी कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही. वर्षभर तरी येणार नाही."

त्या रात्री सर जेवले नाहीत. "अहो, मग व्याख्यानाचं काय?" गोदाबाईंनी विचारलं. "बघू," सर म्हणाले, आणि त्या उत्तराची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

रविवारी हॉल भरला होता. चाळीस पानं सरांनी झकास समजावली, लोक माना डोलवत होते. मग ते थांबले.

"यापुढे चूक आहे. केली मी, सापडली मिसबाला."

खडू तिच्या हाती देऊन ते तिच्या रिकाम्या खुर्चीत, गोदाबाईंशेजारी येऊन बसले. मिसबा फळ्यावर पान एकेचाळीस मांडू लागली.

"आता काय करायचं हो?" गोदाबाई हळूच म्हणाल्या.

सरांनी डोळे पुसले आणि खिशातून वही काढली.

"थांब जरा," ते म्हणाले, "उतरवून घेऊ दे."