पहिल्या विजेच्या गाडीचे मोटरमन

भारतातली पहिली विजेची गाडी माझ्या सासऱ्यांनी चालवली, असं मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माइकवरून जाहीर केलं. सासरे समोरच बसले होते. ही बातमी त्यांनाही नवीनच होती!

साल १९८५. आम्ही चेंबूरला राहायचो आणि मी घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवायचो. (हे लक्षात ठेवा, पुढे माझ्याविरुद्ध कामाला येणार आहे.) जानेवारीत पेपरात बातमी वाचली की बोरीबंदर ते कुर्ला या पहिल्या विजेच्या गाडीला येत्या फेब्रुवारीत साठ वर्षं होतात. तेव्हा कुर्ला हे मुंबईबाहेरचं गाव, त्याची नगरपालिकाही वेगळी. माझे सासरे आप्पा मूळ मालवणकडचे, पण वाढले कुर्ल्यातच. वडील रेल्वेत तारा ओढणाऱ्या गँगमध्ये, आप्पा स्वतः कारशेडमध्ये फिटर. रिटायर झाल्यावर ते मानखुर्दला राहायचे आणि महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे.

त्या रविवारी मी सहज विचारलं, "आप्पा, ती पहिली विजेची गाडी तुम्ही बघितलीत?"

"बघितलंय म्हणजे? माझ्यामुळंच तर ती..." आप्पा थांबले. मान खाली घातली. मग म्हणाले, "सुनंदा, सोलकढी वाढ गो."

बस्स! एवढ्यावर मी सगळं ओळखलं. माझ्यामुळंच तर ती चालली! आणि वर केवढा हा विनय! गाडी चालवणारा माणूस पुढे शेडमध्ये फिटर कसा झाला, हा प्रश्न मनात आला. पण नजर अधू झाली असेल, असं उत्तरही मीच देऊन टाकलं.

संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी दळवी भेटले. सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा मिळेना म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता. आदल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतांनी एक निवृत्त न्यायाधीश आणला होता आणि तेव्हापासून सामंत जिन्यात आमच्याशी जरा वरच्या पायरीवरूनच बोलायचे. मी म्हटलं, "दळवी, आमच्या सासऱ्यांनी पहिली विजेची गाडी चालवलीय."

"काय सांगता सर! कुर्ल्यातली?"

"मुंबईतली."

"म्हणजे भारतातलीच की हो! झकास! सत्कार करून टाकू. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. तुम्ही फक्त परिचय करून द्या."

दोन दिवसांत बॅनर रंगून आला. त्यावर दळवींनी 'आशिया खंडातील' असं घालून घेतलं होतं. विचारलं तर म्हणाले, "कापड उरलं होतं यार!"

घरी सुनंदा एकच वाक्य चार वेळा म्हणाली, "अहो, पण आप्पांना नीट विचारलंत का?"

"त्यांना विचारलं तर ते नको म्हणतील. थोर माणसं अशीच असतात."

"ते थोर नाहीयेत हो, ते आप्पा आहेत. गाडी चालवली असती तर आईने आख्ख्या मालवणात सांगितलं नसतं का?"

मी तिला गप्प केलं. आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आप्पांना मी 'घरगुती कार्यक्रम आहे, धुतलेलं धोतर नेसून या' इतकंच कळवलं होतं. ते आले, पहिल्या रांगेत बसले. बॅनर त्यांच्या पाठीमागे होता, तेव्हा वाचायचा प्रश्नच नव्हता. मी माइक हातात घेतला आणि माझ्या अंगात आलं. साठ वर्षांपूर्वीचा कुर्ल्याचा फलाट, बँडबाजा, गोऱ्या साहेबांच्या टोप्या आणि हँडलवर हात ठेवून उभे असलेले आप्पा! "आणि त्या हाताने," मी ओरडलो, "दोन शहरं जोडली!" टाळ्यांचा कडकडाट. सामंतांनीसुद्धा दोन वाजवल्या. आप्पाही टाळ्या वाजवत होते. मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्यात हे त्यांना दिसलं आणि त्यांचे हात हवेतच राहिले.

दळवींनी शाल पांघरली. "एकोणसत्तर वर्षांचे हे तरुण..." असं ते म्हणाले मात्र, दुसऱ्या रांगेतल्या दळवीवहिनींनी बोटं मोजायला घेतली.

"अहो सर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एकोणसत्तरातून साठ गेले की नऊच उरतात ना?"

वयाची गणितं मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत आलो होतो. आईचं वय, मुलाचं वय, दहा वर्षांपूर्वी किती, सगळं तोंडपाठ. आणि घरच्या माणसाचं वय मला वजा करता आलं नव्हतं!

"वाट लागली," दळवी पुटपुटले. माइक चालू होता.

मी खाली बघत राहिलो. सुनंदाकडे बघायची हिंमत नव्हती. तेवढ्यात आप्पा उठले आणि त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"मी गाडी चलवूक नाय," ते म्हणाले. "मी ती थांबयलंय."

कोणी हसलं नाही. आप्पा सावकाश, अडखळत सांगत गेले. संक्रांतीचे दिवस. गाडी सुरू व्हायच्या आधी नव्या तारांखालून ट्रायलची गाडी यायची होती. नऊ वर्षांच्या आप्पांचा पतंग तारेत अडकला. गाडी थांबवली, करंट बंद केला. पतंग बांबूने काढायला साहेबाने ज्याला शिडीवर चढवलं, ते आप्पांचेच वडील.

"पतंग त्यांनीच माका करून दिल्लो. बघताक्षणी वळाखलो. साहेब विचारता, कोणाचो पोर? बाबा म्हणाले, ठाऊक नाय साहेब. साहेबान सगळ्या गँगसमोर त्यांका वाट्टेल ता सुनावला. मी खांबामागे लपलंय होतंय. बाबा घराक इले, पण माका एक शब्द बोलाक नाय. मरेपर्यंत नाय." आप्पांनी शालीने डोळे पुसले. "मी पण त्यांका कधी सांगूक नाय, की त्यांनी माका वाचवल्यानी ता माका म्हायत आसा. साठ वर्सां झाली."

त्या दिवशी जेवताना त्यांनी खाली घातलेली मान विनयाने नव्हे, शरमेने घातली होती. आणि मी तिच्यावर बॅनर रंगवला होता! म्हाताऱ्याने जे बायकोलाही सांगितलं नाही, ते मी त्याला अख्ख्या सोसायटीसमोर सांगायला लावलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

दळवींनी घसा साफ केला. "आता ह्या मानचिन्हाचं काय करायचं?" त्यावर कोरलेलं होतं : 'आशिया खंडातील पहिले विजेचे मोटरमन.'

"जावयबापूंका द्या," आप्पा म्हणाले. "सगळी गाडी त्यांनीच चलवल्यानी." आता मात्र गच्ची हसली. सगळ्यांत मोठ्याने सामंत.

जिना उतरताना मी आप्पांचा हात धरला. "चुकलो आप्पा. माफ करा."

"जावंदे," ते म्हणाले. "साठ वर्सांनी उतारलो एकदाचो पतंग." आणि खरंच, त्या रात्री ते दोनदा सोलकढी मागून जेवले.

ते मानचिन्ह सुनंदाने हॉलमध्ये, दारातून आल्याबरोबर दिसेल असं टांगलं. काढू देत नाही. दर दिवाळीला मीच ते पुसतो. आलेला पाहुणा हमखास विचारतो, "कोण हो हे मोटरमन?" आणि सुनंदा चहा ठेवायला जाता जाता म्हणते, "ह्यांनाच विचारा. गणिताचे मास्तर आहेत." मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. आप्पांचा पतंग त्याच दिवशी उतरला. माझा अजून हॉलमध्ये लटकतोय.