चहावाले, कॉफीवाले आणि शिरीषकाकांची झडप

पॅन्ट्रीतले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. मगच्या आत तपकिरी थर चढतो ना, तसे ते चढत जातात आणि एक दिवस घासायला घेतलं की कळतं, निघतच नाहीत! ओहायोतही एक डब्लिन आहे हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही, पण तिथल्याच आमच्या ऑफिसात दुपारी तीनला आम्ही चौघं जमायचो. वाद रोज एकच: तब्येतीला चहा बरा की कॉफी? चहाकडून नागपूरचे शिरीषकाका, साठीला टेकलेले. कॉफीकडून पुण्याची केतकी. नील इथेच जन्मलेला, म्हणून तो पंच. आणि मी? शेवटचा लेख ज्याने फॉरवर्ड केला, त्याच्या बाजूला.

वाद गमतीचाच. पण काकांच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालली होती आणि ऑपरेशनची तारीख तीन महिने लांब होती, हे चौघांनाही ठाऊक होतं.

*

कॉफी लिव्हरला चांगली, असं कुठेतरी वाचलं आणि मी लगेच पक्ष बदलला. दिवसाला चार मोठे मग! तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये छाती अशी धडधडायला लागली की मी थेट अर्जंट केअर गाठलं. ईसीजीच्या आधी नर्सला आईचा नंबरसुद्धा लिहून दिला. तिने कागद बघितला, मग मला बघितलं. "हनी, युअर हार्ट इज फाइन. हाउ मच कॉफी?"

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चहापायी कुणाला ईसीजी काढावा लागला का कधी? सांग!"

ते स्वतः त्या आठवड्यात दोनदा काढून आले होते.

*

केतकीचं हिमोग्लोबिन फार उतरलं होतं. जिना चढताना मध्येच थांबून ती फोन बघायचं नाटक करायची. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

"काका, चहा लोह अंगी लागू देत नाही, माहितीये? म्हणून मी गोळी कॉफीबरोबर घेते!"

दोन महिने घेतली, तीही काकांना दाखवून दाखवून. रिपोर्ट आला, आकडा जिथल्या तिथे. कॉफीही तेच करते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-कॉफी दोन्हींपासून लांब!

"म्हणजे दोघंही चोरच की गं," काका म्हणाले. केतकीला आता शिरेतून लोह द्यायचं ठरलं होतं.

*

नीलने काकांना ग्रीन टीचा डबा आणून दिला. "काका, सीरियसली, इट्स बेटर फॉर यू." काका निमूट पिऊ लागले. आम्ही चाट! आठवड्याने नीलने त्यांच्या कपातला एक घोट घेतला आणि धावत सिंक गाठलं.

"काका! हाउ मच शुगर?"

"चारच चमचे. डॉक्टर म्हणाला, चहा असो कॉफी असो, दोन कप चालतील. साखरेचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

*

मग एक दिवस काकूंचा फोन. फोन वाजला की मी तशीही दचकते. त्यांचं नाव बघून हातातला मगच सुटला.

"खरं सांग हं बाळा, ऑफिसात हे किती कप घेतात? घरी मी एकच देते."

समोर काका, दोन बोटं वर करून.

"दोनच, काकू."

"देव तुझं भलं करो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. काकांनी सहावा कप संपवला.

*

ऑपरेशनच्या दिवशी काका-काकूंना हॉस्पिटलला मीच घेऊन गेले, कारण काकू हायवेवर गाडी चालवत नाहीत. गाडीत काकांच्या हातात झाकणाचा कप होता, दुधाच्या चहाचा वास गाडीभर. ते घोट घेत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे उपासालासुद्धा चहा चालतो. चहा म्हणजे काय खाणं आहे?

नर्सने विचारलं, "एनिथिंग टु ईट ऑर ड्रिंक?"

"नथिंग. ओन्ली टी."

"एनी मिल्क?"

"नो," काका म्हणाले.

तेवढ्यात शेजारचं मशीन केकाटलं, मी दचकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होतं! मिल्क होतं!"

नर्सने पेन खाली ठेवलं. कोरा चहा, काळी कॉफी दोन तास आधीपर्यंत चालली असती, म्हणाली. दूध मात्र अन्नात धरतात. भूल देताना ते फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. सूचनांच्या कागदावर हे सगळं होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

परतताना काका मला म्हणाले, "बरोबर केलंस." काकूंकडे त्यांनी बघितलंही नाही.

ती तारीख आली तेव्हा काका नव्हते.

दहाव्या दिवशी मी काकूंकडे गेले. शूज काढतानाच रडू फुटलं. "काकू, मी गप्प बसले असते तर..."

काकूंनी मला खुर्चीत बसवलं. सूचनांचा कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला होता.

"त्यांनी वाचला होता तो," काकू म्हणाल्या. "आज कोराच दे, म्हणाले होते. रिकाम्या पोटी पित्त होईल म्हणून दूध मीच घातलं."