चार पेडांची वेणी
थंडीत गोठलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवलं की त्याच्या वासानं मला पालमचं आमचं वसतिगृह आठवतं. सकाळी व्हरांड्यात आम्ही मुली एकीमागे एक बसून पुढच्या मुलीची वेणी घालायचो. नुकतीच आई गेलेली एक नवी मुलगी मात्र केस कसेबसे बांधून खांबापाशी उभी राहायची. डोक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा प्रार्थनेची घंटा झाली आणि पाचवीतल्या एका पोरीची वेणी सुटली. ती रडायला लागली, तशी ही नवी मुलगी तिच्यामागे जाऊन बसली. “रडू नको. माजी माय घालायची तशी घालते,” म्हणाली आणि बघता बघता तिनं चार पेडांची देखणी वेणी घातली. “आमाला बी शिकव की!” म्हणत आम्ही तिला घेरलं, आणि तिनं सगळ्यांना शिकवलं. मग एका सकाळी ती आपणहून केस मोकळे सोडून माझ्यापुढे पाठमोरी बसली. “आता माजी घाल.” मी चार पेड करून विणायला घेतले. “चौथा पेड सुटायलाय,” मागं न बघताच ती म्हणाली, “परत घाल. मला घाई न्हाई.” तिचा तो धीर मला या वयातही जमत नाही. तिच्या आईला मी कधी पाहिलं नाही. पण त्या माउलीची वेणी आज माझ्या लेकीच्या पाठीवर रुळते.